हळदीच्या पुडीवरचं गणित

मार्च उजाडला, शाळा सकाळच्या झाल्या, की मला हळदीचा वास येतो. स्वयंपाकघरातल्या हळदीचा नव्हे; कागदाला लागलेल्या हळदीचा, त्यात शिसपेन्सिलीचा थोडासा मिसळलेला. वाशीमच्या आमच्या कॉलनीत या दिवसांत खरं तर दुसरेच वास असतात. तापलेल्या डांबराचे, कूलरच्या जुन्या गवताचे, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांचे. पण मला दरवर्षी तोच एक वास येतो आणि दोन-चार दिवस कशात जीव लागत नाही. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी परीक्षेचा हंगाम काही मला सोडत नाही.

यंदा शेजारच्या बाई आपल्या मुलीला पुढं घालून घेऊन आल्या. मुलगी दारातच उभी राहिली, चप्पल काढू की नको अशी. बाई म्हणाल्या, "मॅडम, हिला गणिताचं डोकंच नाही हो. तुमच्यासारखं जन्मजात थोडंच असतं सगळ्यांना?" मी हसले आणि चहा ठेवायला आत गेले. 'जन्मजात' हा शब्द कानावर आला की मी हसते आणि चहा ठेवते. इतकी वर्षं हेच करत आले आहे.

त्या दिवशी मात्र चहा उतू गेला.

आमचं किराणा दुकान शेलूबाजारला, अगदी रस्त्यावर. तेव्हा वाशीम हा जिल्हा नव्हता, मोठ्या कामाला अकोल्याला जावं लागे. दुकानाच्या मागं कोठी, कोठीच्या मागं घर. आम्ही जैन, सूर्य बुडायच्या आत आमची जेवणं उरकायची. गावात चुली पेटायला लागायच्या तेव्हा आमच्याकडं भांडी घासून पालथी घातलेली असत. त्यामुळं माझ्या वाट्याला रोज असा एक तास येई, जो गावातल्या दुसऱ्या कुठल्याच मुलीला नव्हता. बाकीच्या पोरी भाकरी थापत, भावंडं सांभाळत, पाणी भरत. मी कोठीत गुळाच्या भेल्यांशेजारी पोत्यावर बसून गणितं सोडवी.

कागद हवा तेवढा. पुड्या बांधायला बाबा कुठल्याशा कचेरीची जुनी रद्दी आणत. एका बाजूला छापील रकाने, दुसरी बाजू कोरी. दादा माझ्यापुढं दोन वर्षं, त्याची पुस्तकं घरातच. सर पुढच्या आठवड्यात जो धडा शिकवणार तो मी या आठवड्यात सोडवून बसलेली असे. एकेक उदाहरण चार-चार वेळा. पहिल्यांदा चुकायचं. दुसऱ्यांदा वेगळ्या जागी चुकायचं. तिसऱ्यांदा जमायचं. चौथ्यांदा केवळ वेग यावा म्हणून करायचं. मग तो कागद रद्दीच्या गठ्ठ्यात खाली सरकवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी बाबा त्याचे चौकोन फाडून धने, जिरं, हळद बांधत. माझ्या साऱ्या चुका गावात घरोघरी जात आणि चुलीत जळत. मला त्याची मोठी मौज वाटे.

वर्गात मात्र माझ्या वहीत खाडाखोड नसे. गावंडे सर फळ्यावर उदाहरण लिहीत, खडू खाली ठेवत नाहीत तोच माझं उत्तर तयार. कुठं अडलंच तर समासात बारीक आकडे मांडायचे आणि डावा तळवा त्यावर ठेवायचा. लिहिताना तळवा ठेवायची ती सवय मला अशी लागली की पुढं कॉलेजातही मैत्रिणी चिडवत, "हिच्या वहीला कुणाची नजर लागते की काय!" झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

सरांना माझं भारी कौतुक. वर्गाच्या मागच्या भिंतीवर निळीनं लिहिलेलं होतं, 'प्रयत्नांती परमेश्वर'. त्याच भिंतीला पाठ टेकून सर म्हणत, "या विमलकडं पाहा. हिला कच्चं काम लागत नाही. याला म्हणतात देणगी. ही वरून घेऊन यावी लागते." मी मान खाली घालून बसे. सगळ्यांना तो विनय वाटे.

आणि मग सर हमखास कौसल्याकडं वळत.

कौसल्या माळ्याची. गावाबाहेर नाल्याकाठी त्यांचा भाजीचा मळा. पहाटे वांगी तोडून, टोपल्या भरून देऊन ती शाळेत यायची, तेव्हा तिच्या बोटांना वांग्याच्या काट्यांचे ओरखडे असत. माझ्याच बाकावर बसे. तिची वही म्हणजे खाडाखोडीचं शेत. एक उदाहरण दोन पानं चाले. चुकलं की त्यावर आडवी रेघ, खाली पुन्हा पहिल्यापासून. लपवणं तिला ठाऊकच नव्हतं. सर तिची वही उचलून वर्गाला दाखवत आणि म्हणत, "बाई, मेहनत तर बैलही करते. गणित मेहनतीनं येत नसते." वर्ग हसे. कौसल्याही हसे. मग पेन्सिल जिभेला लावून पुढच्या ओळीला लागे.

मी हसत नसे. पण मी काही बोलतही नसे. आज वाटतं, त्या हसणाऱ्यांचा गुन्हा माझ्यापेक्षा कितीतरी लहान होता. त्यांना खरं ठाऊक नव्हतं.

माझीही एक बाजू होती, ती सांगून टाकते. पटावी असा आग्रह नाही. आमच्या नात्यात मुली सातवीनंतर शाळेत जात नसत. बाबांनी माझंही नाव काढायचं ठरवलं होतं. तेव्हा गावंडे सर दुकानात आले आणि म्हणाले, "शेठजी, अशी देणगी लाखात एखाद्या पोरीला असते. वाया घालवाल तर पाप लागेल." पापाचं नाव काढल्यावर बाबा घाबरले. माझी शाळा त्या एका शब्दावर चालू राहिली होती. कष्टानं येतं म्हटलं असतं तर बाबा म्हणाले असते, कष्टच करायचे तर घरात का कमी आहेत? म्हणून ती देणगी मला रोज पोत्यावर बसून तयार करावी लागे.

ते आठवीचं वर्ष. मोठा दुष्काळ सरून एक पावसाळा झाला होता, पण दुष्काळी कामांत निघालेले रस्ते अजून पुरे व्हायचे होते. आमच्या शाळेवरून एक मातीचा रस्ता जात होता आणि तो मोजायला एक ओव्हरशियर येत. तीन पायांवर पितळी दुर्बीण, लांब रंगीत पट्ट्यांची काठी. मधल्या सुटीत आम्ही सगळ्या तिथं घोळका करून उभ्या राहायचो. एकदा त्या भल्या माणसानं कौसल्याला दुर्बिणीतून बघू दिलं. ती किती तरी वेळ डोळा काढेना.

"काय दिसते वं?" मी विचारलं.

"सारं उलटं दिसते, विमे. मानसं डोस्क्यावर चालून राह्यली." मग एकदम ओव्हरशियरला म्हणाली, "पन साहेब, तुमचा रस्ता थ्या बाभळीपाशी खाली जाते. पानी साचन तिथं."

त्यांनी काठी नेऊन बाभळीपाशी धरली, दुर्बिणीतून पाहिलं, वहीत काही लिहिलं आणि तिच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. "कोणी सांगतलं तुले?"

"कोनी कायले सांगन? दिसते ना."

तिला दिसत असे. मी तिच्या मळ्यात कितीदा पाहिलं होतं. विहिरीवरून मोट सुटली की पाणी दांडानं, त्या मातीच्या पाटानं, वाफ्यांकडं येई आणि कौसल्या अनवाणी पुढं पुढं चाले. इथं बोटभर खोल कर, तिथं मूठभर माती टाक. पाणी तिच्या मागं निमूट येई. तिचे वडील म्हातारे मोटकरी, पण दांड पाडायचा तर पोरीला हाक मारत. जमिनीचा चढउतार तिला नुसत्या डोळ्यांनी कळे. त्याला कोणी गणित म्हणत नव्हतं. सर म्हणत नव्हते, ती स्वतः म्हणत नव्हती, आणि मला तर त्याचं नाव ठाऊक असूनही मी म्हटलं नाही.

त्या दिवसापासून तिनं धरलंच, "मले थे मोजनीचं काम शिकाचं हाय." ओव्हरशियरनं सांगितलं, "त्याले बीजगणित-भूमिती लागते, बाई." आमच्या वेळी आठवीनंतर निवडायचं असे. एकीकडं बीजगणित-भूमिती, दुसरीकडं साधं गणित आणि गृहशास्त्र. एकदा साधं घेतलं की पुढं विज्ञानाचं दार बंद. मुली बहुतेक साधंच घेत. कौसल्याला भूमिती हवी होती, आणि सर म्हणत होते की तिच्यात ते नाही. सारा मार्च ती त्या एकाच विचारात होती. डबा खाताना मला विचारी, "खरंच का वं विमे, हे वरूनच आनाव लागते?" मी म्हणे, "काय माहीत बाई."

मला माहीत होतं.

एप्रिल लागला होता. परीक्षा संपली होती, विषयांचा फॉर्म द्यायला दोन दिवस उरले होते. शाळेच्या आवारात कडुनिंबाचा मोहर इतका पडला होता की झाडलोट करणारी बाई वैतागून गेलेली. कौसल्या मला हाताला धरून नळाच्या मागं घेऊन गेली. पोलक्यातून तिनं एक कागद काढला. चुरगळलेला, मग हातानं सारखा केलेला, मधोमध पिवळा. तिच्या आईनं आमच्या दुकानातून हळद नेली होती.

कागदावर एकच उदाहरण चार वेळा सोडवलेलं होतं. पहिलं खोडलेलं. दुसरं खोडलेलं. तिसरं बरोबर. चौथं भराभर.

"हे तुयं अक्षर हाये ना?"

तिचे डोळे मला आजही दिसतात. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. पाणी येणार म्हणून दांड मोकळा करून ठेवावा तशी ती उभी होती. मी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तिला तेवढंच हवं होतं. "सांग ना. मी कोनाले नाही सांगत. तू बी चुकतं ना? तू बी पुन्हा पुन्हा करतं ना?"

आणि मी म्हणाले, "माहं नाही. दादाचं हाय. त्याले कुठी येते गणित!"

एका वाक्यात दोघांना बुडवलं. दादा बिचारा दुकानात काटा धरून बसला होता, त्याला पत्ताही नाही. कौसल्यानं कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाली. कागदाची घडी घातली आणि पुन्हा पोलक्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी तिनं साध्या गणिताचा फॉर्म दिला. सर म्हणाले, "शहाणी पोरगी. झेपेल तेच घ्यावं."

पुढचं एक सांगायला जड जातं. मे महिन्यात तिची आई दुकानात वह्यांचा गठ्ठा घेऊन आली, रद्दीत घ्या म्हणून. कौसल्याच्या गणिताच्या वह्या. बाबांनी त्या माझ्याकडं दिल्या, सुटी होती, पुड्या बांधायला मी बसत होते. पानं फाडता फाडता मी वाचत गेले. खोडलेलं, पुन्हा केलेलं, शेवटी बरोबर आलेलं. आणि काही ठिकाणी तिनं सरांची रीत सोडून आपलीच रीत काढली होती, शेताचे तुकडे पाडावेत तसे आकृतीचे तुकडे पाडून. माझ्या चार वेळांच्या घोटून घेतलेल्या रीतीपेक्षा ती सरळ होती, सोपी होती. मला तशी सुचली नसती. आज नाही, तेव्हा नाही. देणगी म्हणतात ती कुणाला मिळाली होती, हे मला तेव्हा कळलं, तिच्या वहीचं पान हातात धरून. मी त्याची पुडी बांधली. धन्याची होती.

मी अकोल्याला शिकले, गणिताची शिक्षिका झाले. लोक म्हणत, मॅडम फळ्यावर कधी अडत नाहीत. कशा अडणार? घरून सगळी उदाहरणं सोडवून जात होते. पस्तीस वर्षं मुलांपुढं मी बरोबरच गणितं मांडली. एकदाही चुकून, थांबून, डोकं खाजवून, पुसून पुन्हा केलं नाही. 'पी हळद अन् हो गोरी' असं गणितात नसतं, हे मुलांना तोंडानं सांगत होते, पण करून दाखवत होते ते नेमकं उलटं. मागच्या बाकांवर किती कौसल्या बसून गेल्या असतील, मी मोजल्या नाहीत.

चहा उतू गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन करून तिचा पत्ता विचारला. लग्न होऊन ती मानोऱ्याकडं गेली हे ठाऊक होतं, पण पन्नास वर्षांत मी एकदाही गेले नव्हते. वाशीमपासून काही फार लांब नाही. बस निघाली. दोन्ही बाजूंनी पळस पेटलेला, गहू पिवळा पडलेला. सारा रस्ता मी वाक्यं जुळवत होते आणि खोडत होते.

ती शेतातच होती, ठिबकच्या नळ्या उलगडत. केस पिकलेले, चाल तीच. मला पाहून उभी राहिली, मग एकदम हसली. "विमे! केवढी जाडी झाली वं तू!" शेडखाली बाजेवर बसवलं, माठातलं पाणी दिलं. घरच्या पंधरा एकरांचं ओलीत तिनं आखलंय, असं तिच्या सुनेनं कौतुकानं सांगितलं. आजूबाजूचे शेतकरीही नळी टाकायच्या आधी तिला बोलावतात. "आमच्या आत्याबाईंले दिसते," सून म्हणाली. मी मान डोलावली.

सून चहाला आत गेल्यावर मी ते बोलले. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. "कौसल्या, तो कागद माझाच होता. हळदीचा. ते अक्षर माझं होतं."

ती नळीचं तोंड पुसत राहिली. "माहीत हाय मले."

"माहीत होतं?"

"तुया चारचा आकडा मी वळखत नव्हती काय? त्याची शेपटी कशी लांब काढे तू. दादाचं म्हनली, तवाच समजलं."

"मग फॉर्म काहून तसा दिला?"

कौसल्यानं नळीला चिकटलेली माती नखानं खरवडली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मले वाटलं, जिले येते तीच लपवून राह्यली, म्हंजे हे चुकनं, खोडनं, पुन्हा करनं लय लाजेचं काम असन. अन् मी तं साऱ्या वर्गासमोर थेच करत होती. सर हासले, पोरं हासली, तवा नाही लागलं मले. तू नाही म्हनली, तवा माई मलेच लाज वाटली."

इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या खोट्यानं ती फसली. ती फसली नव्हती. मी तिला नुसतं खोटं सांगितलं नव्हतं, माझी लाज तिला देऊन टाकली होती. माफी मागायला म्हणून आणलेले शब्द तसेच राहिले. मी रडले, ते तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

तेवढ्यात तिची नात वही घेऊन आली. दहावीत आहे, गणिताचा पेपर चार दिवसांवर. "आजी म्हनते तुमी गणिताच्या मॅडम हाये. हे एक येऊन नाही राह्यलं." आयताकृती शेत, लांबी रुंदीपेक्षा सातनं जास्त, क्षेत्रफळ एकशेवीस, लांबी-रुंदी काढा. हजारदा शिकवलेलं. मी पेन्सिल घेतली. डोळे ओलेच होते, की मन ठिकाणावर नव्हतं, कोण जाणे. समीकरण मांडलं, अवयव पाडले, रुंदी पंधरा आली, लांबी बावीस.

कौसल्यानं नळी खाली ठेवून वाकून पाहिलं. "पंधरा बावीस तं तीनशे तीस झाले, विमे. शेत तं एकशेवीसचंच हाय."

अधिकच्या जागी उणे लिहिलं गेलं होतं. पोर माझ्या तोंडाकडं बघत होती. मी भराभर खोडायला लागले आणि मला कळायच्या आत माझा डावा तळवा त्या चुकलेल्या ओळींवर जाऊन बसला.

मातीनं भरलेली दोन बोटं माझ्या मनगटाला लागली.

"हात काहाड," कौसल्या म्हणाली. "पाहू दे तिले."

मी हात काढला. पोरीनं वही आपल्याकडं ओढली, खोडलेल्या ओळी एकेक करून वाचल्या आणि विचारलं, "मॅडम, तुमी बी चुकता?"

"हो," मी म्हणाले.